कोटितीर्थात नक्की काय बुडालं?

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणायची पद्धत आहे. सत्कार समारंभ असो, स्मरणिका असो किंवा शाळेतल्या चित्रकला स्पर्धेचं बक्षीस वितरण असो, हा शब्द आल्याशिवाय पाहुण्यांचं भाषण संपत नाही. शब्द खोटा नाही. आबालाल रहिमान, आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री, चंद्रकांत मांडरे अशी माणसं एका मध्यम आकाराच्या शहरात शंभर-सव्वाशे वर्षांत झाली, ही साधी गोष्ट नव्हे. पण एखादं विशेषण इतकं अंगवळणी पडतं की त्यामागची वस्तू शिल्लक आहे की नाही, हे कुणी तपासत नाही.

त्या विशेषणाला चिकटून एक गोष्टही येते. शाहू महाराजांच्या दरबारी असलेले आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी राहायचे. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. आपल्या चित्रांचा खरा रसिकच गेला, आता ती ठेवायची कुणासाठी, म्हणून आबालालनी आपली चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. किती, याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. शेकड्यांपासून सुरुवात होते आणि काही जण तो वीस हजारांपर्यंत नेतात.

ही गोष्ट मला वर्षानुवर्षं आवडत आली आहे आणि तितकीच खटकतही आली आहे. म्हणून यंदा कोल्हापुरात एक मोकळा दिवस मिळाला, तेव्हा ठरवलं की हे शहर आपली कला कुठे आणि कशी ठेवतं, तेवढंच बघायचं. संग्रहालयातली चित्रं, चौकातले पुतळे, रस्त्यावरच्या खुणा. प्रश्न दोनच. समोरची कलाकृती कलाकृती म्हणून कशी आहे? आणि शहराचं तिच्याशी नातं काय आहे?

टाउन हॉल : कागद आणि पावसाळे

दसरा चौकातून चालत पाचेक मिनिटांत टाउन हॉल येतो. १८७२ ते १८७६ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही गॉथिक धाटणीची इमारत. कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा हेही मँट यांच्याच नावावर आहेत. आज इथे शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली ग्रीक समुद्रदेवता पोसायडनची ब्राँझ मूर्ती ही इथली सगळ्यांत नावाजलेली वस्तू. वीतभरही उंची नसलेली ही मूर्ती पाहिली की पंचगंगेच्या काठाचा दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राशी व्यापार होता, ही पाठ्यपुस्तकातली ओळ एकदम वजनदार होते.

मी मात्र आले होते आबालालसाठी. त्यांचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये झालं. तिथल्या ब्रिटिश अभ्यासक्रमात प्लास्टरच्या ग्रीक-रोमन मूर्ती समोर ठेवून छायाप्रकाश गिरवून घेत. हात इतका घोटला जायचा की पुढे अनेकांना त्या शिस्तीबाहेर पडताच आलं नाही. आबालालनी ती शिस्त पुरेपूर आत्मसात केली आणि मग त्यांनी त्या काळाच्या मानाने अवघड निर्णय घेतला. ते कोल्हापूरला परतले आणि घराच्या आसपास जे दिसत होतं, ते रंगवत राहिले. रंकाळा, संध्यामठ, झाडं, पाण्याचा काठ, सकाळ-संध्याकाळचा उजेड.

हा निर्णय अवघड का, ते समजायला समकालीन राजा रविवर्म्याकडे बघावं लागतं. रविवर्म्याने पुराणकथा रंगवल्या आणि १८९४ मध्ये छापखाना काढला. लक्ष्मी-सरस्वती देवघरात गेल्या, दिनदर्शिकांवर गेल्या, काडेपेट्यांवर गेल्या. आबालालच्या निसर्गचित्रांत कथा नाही. त्यात देव नाही, राजा नाही, शकुंतला नाही. आहे ती हवा. दमट, किंचित जड, करवीरची हवा. छोट्या कागदावर जलरंगाचे किंवा अपारदर्शक रंगांचे ठिपके आणि पट्टे असे बसतात, की जवळून बघावं तर झाड सुटं होतं आणि दोन पावलं मागे जावं तर पुन्हा उभं राहतं. युरोपातल्या दृक्प्रत्ययवाद्यांशी त्यांची तुलना नेहमी होते. माझ्या मते तिची गरज नाही. अशा उजेडात रोज बसणाऱ्या आणि डोळे प्रामाणिक असलेल्या माणसाला ठिपक्यापर्यंत पोचायला पॅरिसचा पत्ता लागत नाही.

पण अशा चित्राचं नशीब त्याच्या माध्यमातच लिहिलेलं असतं. रविवर्म्याचं मूळ चित्र उद्या जळालं, तरी हजारो प्रती आहेत. आबालालचं चित्र एकच असतं. ते कागदावर असतं. कागद दमट हवा ओढून घेतो, त्यावर बुरशीचे तपकिरी डाग उठतात, कसर लागते, उन्हात जलरंग विटतो. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरची शंभर आवर्तनं हिशेबात घ्या. दरबार संपला, वाडे विकले गेले, वाटण्या झाल्या, दिवाणखान्यातलं चित्र माळ्यावर गेलं आणि माळा गळायला लागला. चित्रं नाहीशी व्हायला याहून वेगळं काही घडावं लागत नाही.

इथे तलावाच्या गोष्टीचं गणित करून बघावंसं वाटलं. जे. जे. मधून बाहेर पडल्यापासून १९२२ पर्यंतची साधारण पस्तीस वर्षं धरू. वीस हजार चित्रं म्हणजे रोज दीडाहून अधिक, एकही दिवस खाडा न करता. त्यात पेन्सिलची टिपणं धरली तर अशक्य नाही, पण मग तलावात पडलेल्यांत वहीची पानंच जास्त असणार. दुःखाच्या भरात आबालालनी काही चित्रं पाण्यात सोडली असतील, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या एका रात्रीने आपण सगळ्या गहाळ चित्रांचा हिशेब मिटवून टाकला. जी कसरीने खाल्ली, जी भंगारात गेली, जी चौकटीच्या काचेसाठी फाडली गेली, त्या सगळ्यांची जबाबदारी आपण चित्रकाराच्या दुःखावर टाकली आणि वर त्याला दाद दिली. ही गोष्ट शहराला निर्दोष सोडते, म्हणून ती इतकी लोकप्रिय आहे.

शिवाजी चौक, बिंदू चौक : दगडाला बुडवता येत नाही

टाउन हॉलमधून भाऊसिंगजी रोडने निघालं की शिवाजी चौक येतो. इथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. बेचाळीसच्या धामधुमीत तो लोकांच्या रागाचा धनी झाला. आंदोलनातल्या स्त्रियाही त्यात पुढे होत्या. पुढे भाई माधवराव बागल आणि इतरांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तो घडवला बाबूराव पेंटरांनी. देश अजून पारतंत्र्यात होता, संस्थान होतं, आणि शहराने आपल्या मुख्य चौकातला साहेब काढून आपला माणूस बसवला.

हा पुतळा आकाराने डोळे दिपवणारा नाही. आज जिल्ह्याजिल्ह्यांत किती फूट उंच, याची जी चढाओढ चालते, तिच्यापुढे तो लहानखुरा वाटतो. पण तो घाईच्या आणि जोखमीच्या दिवसांत घडला, हे लक्षात ठेवून बघावा. त्याचं मोठेपण उंचीत मोजता येत नाही, ते त्याने कुणाची जागा घेतली यात आहे. सार्वजनिक शिल्पाचं मूल्यमापन करताना जागाही माध्यम असते. हाच पुतळा संग्रहालयाच्या आवारात ठेवला असता, तर तो बाबूरावांच्या अनेक शिल्पांपैकी एक ठरला असता. इथे तो एक घटना आहे.

घटना म्हणूनच त्याच्यावर नवे अर्थही लादले जातात. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या काही स्टेटसवरून शहर पेटलं, तेव्हा जमाव याच चौकात जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला. आबालाल रहिमान नावाच्या चित्रकाराला आपल्या पदरी ठेवणाऱ्या राजाच्या शहरात हे घडलं. चौकातली कला शहराच्या भल्या-बुऱ्या दोन्ही दिवसांची साक्षीदार असते. तिला गॅलरीतल्या चित्रासारखं हातभर अंतर राखता येत नाही.

तिथून बिंदू चौक. जुन्या तटाचा उरलेला भाग, मागे तुरुंग, हुतात्म्यांची आठवण, सभांची जागा. इथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. आंबेडकरांचा हा पुतळा बागलांच्याच पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बसवला गेला. शिल्पकार बाळ चव्हाण. बाबासाहेब त्या वेळी हयात होते. त्यांच्या हयातीत उभारलेला हा पहिला पुतळा म्हणून तो ओळखला जातो.

या पुतळ्यापुढे मी दिवसातला सर्वांत जास्त वेळ उभी होते. आंबेडकरांची प्रतिमा आज आपल्या दृष्टीत इतकी पक्की झाली आहे, की ती चेहरा न राहता चिन्ह झाली आहे. निळा कोट, चष्मा, पुढे केलेलं बोट, काखेत संविधान. गावोगावचे पुतळे या चिन्हावरून होतात, म्हणजे पुतळ्यावरून पुतळा. प्रतीवरून प्रत काढत गेलं की माणूस हळूहळू पुसट होतो आणि चष्मा तेवढा ठळक राहतो. बिंदू चौकातला पुतळा या साखळीच्या आधीचा आहे. तो घडला तेव्हा आंबेडकर एकोणसाठ वर्षांचे, चालते-बोलते गृहस्थ होते. नुकतीच राज्यघटना अमलात आली होती, हिंदू कोड बिलाचं भांडण चालू होतं आणि धर्मांतराला अजून सहा वर्षं होती. शिल्पकाराला अजून दैवत घडवायचं नव्हतं, त्याला एका माणसाचं साम्य पकडायचं होतं. कोल्हापूरच्या वास्तववादी परंपरेचा मला वाटतो तो सर्वोत्तम उपयोग हाच. साम्य म्हणजे नुसती कारागिरी नव्हे. समोरच्याला माणूस म्हणून नीट बघणं, हा त्यातला नैतिक भाग आहे.

आता या सगळ्या चौकांतली एक अडचण. कुठलाही पुतळा आज मोकळा दिसत नाही. वाढदिवसाचे, निवडीचे, ‘हार्दिक स्वागत’चे फ्लेक्स, स्टीलचे कठडे, रंग बदलणारे दिवे, हारांसाठी कायमची लावलेली शिडी. पुतळ्याचा आदर जसजसा वाढतो, तसतसा पुतळा दिसेनासा होतो. शिल्पाला चारी बाजूंनी चालत फिरून बघता येणं, ही त्याची किमान गरज. ती कुणाच्याच यादीत नाही.

खरी कॉर्नर : हत्यार आहे, काम नाही

खासबाग मैदानाशेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी ‘पॅलेस थिएटर’ म्हणून ते बांधून घेतलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आगीनंतर शहरात लोक खरोखर रडले. कोल्हापूरला आपल्या कलेची पर्वा नाही, असं कुणी म्हणू लागलं तर मी ते रडणं आठवेन. पर्वा आहे. पण ती वस्तू हातची गेल्यावर उसळून येते.

केशवरावांच्या ‘ललितकलादर्श’साठी आनंदराव आणि बाबूराव या दोघा भावांनी पडदे रंगवले होते. हाच नाटकाचा पडदा पुढे सिनेमाचा झाला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी देशी कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी इथेच तयार झाली आणि त्यांनी १९२९ मध्ये इथेच ‘प्रभात’ काढली. या सगळ्याची खूण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. कोपऱ्यावरून दुचाकी सुसाट वळतात आणि हा कॅमेरा त्यांच्याकडे बघत असतो.

कल्पना चांगली आहे. माणसाचा पुतळा न करता त्याच्या हत्याराचा केला. पण या कॅमेऱ्याने जे टिपलं, ते कुठे आहे? मूक ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही. १९३६ चा बोलपट ही नंतरची आवृत्ती. ज्या चित्रपटाला भारतीय वास्तववादी सिनेमाचा आरंभ मानतात, तो आपण वाचून ओळखतो, बघून नाही. कंपनीच्या बहुतेक मूकपटांची हीच गत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. ती जळायची, चिकटायची, तिच्यातली चांदी काढायलाही विकली जायची. इथे तर कुणी दुःखाने काही तळ्यात सोडल्याची कथाही नाही. तरी सिनेमे गेलेच.

उरलं ते कागदावरचं थोडंसं. ‘कल्याण खजिना’साठी बाबूरावांनी केलेलं पोस्टर देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत गणलं जातं. गंमत अशी, की पोस्टर ही मुळात फेकून द्यायची वस्तू. आठवडाभर भिंतीवर राहायची आणि दुसऱ्या पोस्टरखाली जायची.

पोस्टर रंगवण्याचा तो वारसा मात्र शहरात अजून जिवंत आहे, फक्त आपण त्याला कला म्हणत नाही. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी कोल्हापूरच्या पेठांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे महाकाय कटआउट उभे राहिले होते. तालमींच्या फुटबॉलवर पोसलेल्या या शहरात, वर्गणी काढून, रात्री जागून पोरांनी ते उभे केले. त्यात हाताने रंगवणारा पेंटर गेला आणि फ्लेक्सचं यंत्र आलं, हे खरं. पण चौक आपला आहे आणि तिथे आपल्या आवडीचा माणूस मोठा करून उभा करायचा, ही १९४५ चीच ऊर्मी आहे. ‘कलापूर’च्या भाषणांत तिचाही उल्लेख झाला पाहिजे.

राजारामपुरी : घर देणारा चित्रकार

दुपारी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. मांडरे पडद्यावरचे देखणे नायक, सूर्यकांत यांचे थोरले बंधू, आणि आयुष्यभराचे चित्रकार. त्यांनी आपला ‘निसर्ग’ बंगला चित्रांसह शासनाला दिला. घराचं संग्रहालय झालं. जलरंग, तैलरंग आणि त्यांची खास ओळख असलेली पावडर शेडिंगची चित्रं. या पद्धतीत रेघ जवळजवळ नसते. रंगाची पूड कागदावर फिरवत, चोळत गडद-फिकट छटा काढायच्या. त्यामुळे कडा विरघळतात, धुकं छान जमतं, दूरचे डोंगर खरेच दूर जातात.

स्पष्ट सांगायचं तर मांडरे हे आबालालच्या तोडीचे चित्रकार नव्हेत. त्यांच्या चित्रांत माधुर्य आहे, हातोटी आहे, पण अडखळणं नाही. आबालालच्या चित्रात कधी कधी उजेड असा विचित्र ठिकाणी पडतो, की तो प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सुचणार नाही. मांडरे यांचा उजेड नेहमी जिथे शोभेल, तिथेच पडतो. दोन-तीन खोल्या झाल्या की प्रत्येक सूर्यास्त सुंदर असणार, याची खात्री पटते आणि डोळे थोडे सैल होतात.

तरीही हे संग्रहालय मला दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण वाटलं. एका चित्रकाराचं काम एका छपराखाली, एकत्र आणि क्रमाने बघता येतं. त्याचा विद्यार्थिदशेतला हात, मधला आत्मविश्वास, उतारवयातली पुनरावृत्ती, सगळं. म्हणूनच मी वरचा परिच्छेद लिहू शकले. आबालालबद्दल मी जे लिहिलं, ते मूठभर चित्रांवरून, आणि त्यात अंदाजाचा वाटा मोठा आहे. दुय्यम चित्रकाराचं पूर्ण काम समोर आहे आणि श्रेष्ठ चित्रकाराच्या फक्त चिंध्या आहेत. गुणवत्तेने कलाकृती टिकत नाही. ती टिकते कुणीतरी वेळेत कागद केले, खोल्या दिल्या, यादी केली म्हणून. मांडरे यांनी हे स्वतः ओळखलं आणि केलं. त्यांच्या सगळ्या कलाकृतींत ही व्यवस्था मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

कावळा नाका ते रंकाळा

संध्याकाळच्या आत दोन ठिकाणं उरली होती. कावळा नाक्यावरचा महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रवींद्र मेस्त्री यांचा. घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. ब्राँझच्या एवढ्या वजनाला दोन घोट्यांवर तोलणं म्हणजे शिल्पकाराच्या अंगी इंजिनियर असावा लागतो. महामार्गावरून शहरात येणाऱ्याला पहिलं दर्शन एका तलवारधारी राणीचं होतं, हे कोल्हापूरला शोभतं. शिल्प म्हणून मला हे शहरातलं सर्वांत जोमदार वाटलं, कारण जोम अवयवांच्या ताणात आहे, चेहऱ्यावर थापलेल्या आवेशात नाही. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजणारी आणि पुढे करवीरची गादी उभी करणारी ही बाई राजकारणीही होती, हे मात्र घोडा आणि तलवार सांगू शकत नाहीत. तो अश्वारूढ शिल्पाच्या साच्याचाच दोष.

मग कोटितीर्थ. रिक्षावाल्यांना तिथे जायचं म्हणून सांगितलं, तर त्यांनी आरशातून बघितलं.

“तिथं काय बगणार ताई? पाणी हाय नुसतं.”

मी म्हटलं, “तेच बघायचंय.”

“मग ते पेंटराचं असंल. त्यानं चित्रं बुडिवल्याली म्हणं तळ्यात. राजा गेला म्हणून.” थोडं थांबून म्हणाले, “एक बी कुणी वर काडलं नाही बगा.”

या शेवटच्या वाक्यानंतर मला तळ्याकाठी फार वेळ थांबायची गरज उरली नाही. देऊळ आहे, पायऱ्या आहेत, हिरवट पाणी आहे. सगळ्या व्याख्यानांत चित्रकाराच्या त्यागावर जोर असतो. रिक्षावाल्यांनी काठावरच्यांकडे बोट दाखवलं.

रंकाळ्यावर पोचले, तेव्हा उजेड उतरत होता. काठावर तीन-चार कलाविद्यार्थी बोर्ड घेऊन बसले होते. समोर संध्यामठ, दगडी खांबांवर पाण्यात उभा. आबालालचा हा आवडता विषय. मुलांचे हात तयार होते, ओला वॉश झरझर बसत होता. पण कोल्हापुरी निसर्गचित्राचा आता एक मसाला ठरून गेला आहे. आकाशाचा एक सपकारा, मध्यावर गडद झाडी, पुढे दोन जोरकस फटकारे आणि कुठेतरी तांबडा ठिपका म्हणजे बाई. तिथल्या एका कागदावर संध्यामठाशेजारी बैलगाडी येऊ घातली होती. समोरच्या पाण्यात बैलगाडी कुठून येणार, हा प्रश्न त्या मुलाला पडला नाही, कारण तो पाण्याकडे बघून काढत नव्हता. त्याने आधी पाहिलेल्या शंभर चित्रांवरून तो हे एकशे एकावं काढत होता. बिंदू चौकानंतरच्या पुतळ्यांचं जे झालं, तेच इथे निसर्गचित्राचं होत आहे. प्रतीवरून प्रत.

यात मुलांचा दोष थोडा. ज्याने या तळ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, त्याची चित्रं या मुलांना सलग बघायला मिळाली असती, तर बैलगाडी आपोआप गळून पडली असती. मूळ चित्र उपलब्ध नसलं, की परंपरेचं रूपांतर सवयीत होतं. गहाळ कलाकृतीची खरी किंमत ही असते. भूतकाळ थोडा कमी दिसतो, इतक्यावर ती थांबत नाही, पुढच्या पिढीचे डोळेही ती मंद करते.

म्हणून माझं मागणं नव्या स्मारकाचं नाही. कोल्हापुरात स्मारकं पुरेशी आहेत आणि त्यांतली काही उत्तम आहेत. आबालाल, बाबूराव, दळवी यांची जी चित्रं आज संग्रहालयांत, शाळांत, वाड्यांत, पेठेतल्या घरांत आहेत, त्यांची मोजदाद व्हावी. मालकी कुणाचीही असो, चित्र जिथे आहे तिथेच राहो, पण त्याचा नीट फोटो निघावा, माप लिहिलं जावं, अवस्था नोंदवली जावी आणि ते सगळं शाळकरी पोरालाही फोनवर बघता यावं. हे काम पुतळ्याच्या चौथऱ्याच्या खर्चात होण्यासारखं आहे. त्यात उद्घाटन नसतं, फीत नसते, कुणाच्या गळ्यात हार पडत नाही. बहुधा म्हणूनच ते राहून जातं.

एखादा पावसाळा गेला, की या यादीतली काही नावं कायमची कमी होणार. त्या वेळी कोटितीर्थाचं नाव घेऊन चालणार नाही.